माझ्याच वहीला पडदा कशाला?

संगणकाच्या पोटात सामान्य माणसाने डोकावू नये, अशा एका नव्या सोवळ्याचे स्तोम हल्ली माजले आहे. मुलगी काळ्या खिडकीत आज्ञा लिहिताना दिसली, की वडील मंडळी दचकतात, "अगं, बिघडेल ते!" हा निव्वळ भित्रेपणा आहे.

मॅक संगणकाचे उदाहरण घ्या. अक्षर केवढे हवे, खिडकी कुठे उघडावी, या तुमच्या आवडीनिवडी बहुतेक प्रोग्राम एका फाइलीत टिपून ठेवतात. तिला 'पीलिस्ट' म्हणतात. ही तुमच्याच घरची वही! पण २००५ पासून ती साध्या अक्षरांऐवजी यंत्राच्या लिपीत लिहिली जाऊ लागली आणि २०११ मध्ये तिचे कपाट, म्हणजे 'लायब्ररी' हा फोल्डर, नजरेआड गेले. जागा वाचते, काम झटपट होते, नवख्याच्या हातून मोडतोड टळते, हे सारे मान्य! पण आजोबांचा दस्तऐवज मोडीत आहे म्हणून जमिनीवरचा हक्क कुणी सोडतो काय? आपण मोडी वाचणारा गाठतो.

येथे तर तो वाचणारा घरातच बसला आहे. 'टर्मिनल' उघडा. 'डिफॉल्ट्स डोमेन्स' लिहिले, की वह्यांची नावे मिळतात. 'डिफॉल्ट्स रीड' लिहून पुढे नाव दिले, की ती वही समोर उलगडते. सुटी फाइल 'प्लूटिल' ही आज्ञा 'पी' हा पर्याय देऊन वाचून दाखवते. 'राइट' आणि 'डिलीट' या आज्ञांपासून मात्र जपावे. त्या वही बदलतात. नुसत्या वाचण्याने शाई पुसली जात नाही!

आणि त्या वहीत असते काय? 'फाइंडर'च्या वहीत तुम्ही अलीकडे उघडलेल्या फोल्डरांची नावे सापडतात. एखादा प्रोग्राम कचऱ्यात टाकला, तरी त्याची वही बहुधा मागे उरते. दिवाळीची साफसफाई करताना जुना संगणक कुणाला देऊन टाकणाऱ्यांनी हे ध्यानात घेऊ नये काय? आपल्याविषयी काय लिहिले आहे हे ठाऊक नसेल, तर पुसायचे काय हे तरी कसे कळणार?

लक्ष्मीपूजनाला आपण वहीची पूजा करतो. पण वहीला हळदकुंकू वाहून आतले पान कधीच न उघडणाऱ्या व्यापाऱ्याची दिवाळी होत नाही; त्याचे दिवाळे निघते.