नाकारलेली विद्या आणि अवजड प्रक्षेपक

सप्टेंबर 2024 मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने नव्या पिढीच्या प्रक्षेपकासाठी 8,240 कोटी रुपये मंजूर केले. पृथ्वीनिकट कक्षेत 30 टन भार नेणारा, म्हणजे आजच्या एलव्हीएम-3 च्या तिप्पट क्षमतेचा, हा प्रक्षेपक असेल. 2035 पर्यंत अंतराळस्थानक आणि 2040 पर्यंत चंद्रावर भारतीय मानव, ही त्यामागील आकांक्षा होय. गरीब देशाला हा थाट कशाला, असे आपल्यातील काही बांधव विचारतात. आम्ही त्या मताचे नाही. यंत्र माणसाला कष्टातून सोडवून फुरसत देते आणि फुरसतीतूनच संस्कृती फुलते, अशी परमपूज्य बाबासाहेबांची भूमिका होती. मजूरमंत्री या नात्याने दामोदर खोऱ्याच्या योजनेला त्यांनी चालना दिली, तीही याच दृष्टीने.

आमचा प्रश्न निराळा आहे. 1993 साली अमेरिकेच्या दबावाखाली रशियाने क्रायोजेनिक इंजिनाचे तंत्रज्ञान भारताला देण्याचे नाकारले. तयार इंजिने मिळाली, विद्या मिळाली नाही. ती स्वतः कमावण्यात दोन दशके गेली. 5 जानेवारी 2014 रोजी स्वदेशी क्रायोजेनिक इंजिनासह जीएसएलव्हीचे उड्डाण यशस्वी झाले आणि 2023 मध्ये एलव्हीएम-3 ने चांद्रयान-3 अवकाशात नेले. तरीही 2024 च्या नोव्हेंबरात 4,700 किलोचा आपला जीसॅट-एन2 उपग्रह अमेरिकी कंपनीच्या अग्निबाणानेच पाठवावा लागला, कारण आपल्या प्रक्षेपकाची त्या कक्षेसाठीची क्षमता सुमारे 4 टनांची होती.

विद्या नाकारली जाण्याचे शल्य राष्ट्राला असे वीस वर्षे बोचले. आपल्या पूर्वजांनी ते शतकानुशतके सोसले. म्हणून ज्या राष्ट्राने ही वेदना जाणली, त्याने ती आपल्याच लेकरांना देऊ नये, एवढेच आमचे मागणे आहे. केंद्र सरकारच्या 1975 च्या आदेशान्वये संशोधनाशी निगडित वरिष्ठ वैज्ञानिक व तांत्रिक पदे आरक्षणातून वगळण्याची मुभा आहे. गुणवत्तेचे कारण पुढे करणाऱ्या या तरतुदीचा आज पुनर्विचार व्हावयास हवा.

दोष केवळ शासनाचा नाही. अनेक ग्रामीण शाळांत प्रयोगशाळेचे कपाट तपासणीच्या दिवशीच उघडते आणि विज्ञान फळ्यावरच संपते. आपणही हुशार मुलाला स्पर्धा परीक्षेची वाट दाखवतो, मूलभूत विज्ञानाची क्वचितच. मुंबईत सिद्धार्थ आणि औरंगाबादेत मिलिंद महाविद्यालय उभारणाऱ्या बाबासाहेबांचा वारसा आपण एवढ्यावर थांबवावा काय?

तीस टनांचा भार उचलणारा प्रक्षेपक श्रीहरिकोट्याहून उडेल, तेव्हा आपली मुले वसतिगृहाच्या दूरदर्शनसमोर टाळ्या वाजवतील. त्यांना टाळ्या जरूर वाजवू द्याव्यात. परंतु त्यांतील एखादी मुलगी नियंत्रण कक्षात बसलेली असावी, यासाठी आजच त्या कपाटाचे कुलूप काढणे, हे आपणा शिक्षकांचे व पालकांचे कर्तव्य आहे.