'न्यूनगंड' : एक स्वस्त झालेला शब्द

मानसशास्त्राच्या पुस्तकातून उठून कट्ट्यावर येऊन बसलेले शब्द थोडे नाहीत. पण 'न्यूनगंडा'इतका रुळलेला शब्द क्वचितच सापडेल. वक्तृत्वस्पर्धेत कोणी नाव दिले नाही, की त्याला न्यूनगंड. इंग्रजीत उत्तर देताना कोणी अडखळला, की त्यालाही न्यूनगंड. निदान करायला आपल्याला क्षण पुरतो आणि रोग्याला काही विचारण्याची गरजही भासत नाही.

ही कल्पना रूढ केली ती व्हिएन्नाच्या आल्फ्रेड ॲडलरने. १९११ साली तो फ्रॉइडपासून वेगळा झाला. त्याच्या मते न्यूनत्वाची भावना हा मुळी रोगच नव्हे. मूल जन्मतः दुबळे, परावलंबी असते. आपण कमी आहोत ही जाणीव त्याला होतेच आणि तिच्यामुळेच ते धडपडते, शिकते. गंड होतो तो पुढे. ही जाणीव इतकी घट्ट बसते, की माणूस प्रयत्नच सोडतो आणि कमीपणाची ढाल करून जबाबदाऱ्या टाळू लागतो. गंड म्हणजे गाठ, सूज. 'गंडमाळ' या शब्दातला गंड तो हाच. ठेच लागून दुखणे वेगळे आणि गाठ धरणे वेगळे. आपण मात्र प्रत्येक दुखण्याला गाठ म्हणतो.

भाषेची हयगय म्हणून हे सोडून देता आले असते. पण या शब्दामुळे दोष गुपचूप जागा बदलतो. बारावीपर्यंत मराठीतून शिकलेली मुलगी पहिल्या वर्षाच्या वर्गात गप्प बसते. तिच्या उच्चारांवर मागच्या बाकावर पिकलेला हशा सर्वांनी ऐकलेला असतो. पण 'तिला न्यूनगंड आहे' असे म्हटले, की हसणारे सुटतात आणि व्याधी तिच्या माथी बसते. वास्तविक तिचा संकोच हा गंड नव्हे. वर्ग कसा आहे हे तिने बरोबर ओळखले आहे, इतकेच.

खरा गंड असतो आणि त्याला मदतही हवी असते. म्हणूनच हा शब्द जपून वापरावा. ॲडलरने पहिल्या महायुद्धानंतर व्हिएन्नात बालमार्गदर्शन केंद्रे काढली, तेव्हा मुलाबरोबर पालकांशी आणि शिक्षकांशीही बोलणे होई. मूल सावरायचे तर भोवतालच्या माणसांनीही बदलले पाहिजे, हे त्याने जाणले होते.

तेव्हा मित्रहो, कुणाला न्यूनगंड आहे असे म्हणण्यापूर्वी त्याला न्यून कोणी ठरवले, एवढे एकदा स्वतःला विचारू या.