सणाची वेळ कोणी ठरवायची?

दिवाळीत घरोघरी एक वाक्य हमखास कानावर पडते, ‘आजींसाठीच तर चाललंय हे सगळं.’ आणि त्याच घरात त्या दिवशी आजींचे जेवण अडीच वाजता होते. नैवेद्य व्हायचा असतो, नाशिकहून निघालेली मंडळी कसारा घाटात अडकलेली असतात, आणि आरती सगळे आल्याशिवाय करायची नसते. एरवी साडेबाराला पान वाढले जाते, म्हणून आजींनी नेहमीच्या सवयीने इन्सुलिन घेऊन टाकलेले असते. इन्सुलिन घेतले आणि पोटात अन्न नाही, म्हणजे साखर उतरणारच. घाम फुटतो, हात थरथरतात, त्या उगाच कोणावर तरी खेकसतात आणि पाहुणे आपसांत म्हणतात, ‘गर्दीनं दमल्या असतील.’ माझे म्हणणे एवढेच आहे, की ज्या घरात थकलेले, आजारी माणूस आहे तिथे सणाचे वेळापत्रक त्या माणसाच्या आणि त्याला सांभाळणाऱ्याच्या दिनक्रमावरून ठरावे. पाहुण्यांच्या गाडीवरून नव्हे आणि मुहूर्तावरूनही नव्हे. अशी घरे अपवादात्मक आहेत असेही समजू नये. २०११ च्या जनगणनेतच महाराष्ट्रात शंभरातली जवळजवळ दहा माणसे साठीच्या पुढची होती.

यावर पहिला आक्षेप येतो तो शास्त्राचा. नरकचतुर्दशीची आंघोळ उजाडायच्या आत झालीच पाहिजे, नैवेद्याआधी कोणी तोंडात काही टाकायचे नाही, वगैरे. खरे तर आपली परंपरा या बाबतीत आपल्यापेक्षा कितीतरी समजूतदार आहे. गणपती दीड दिवसाचाही असतो आणि दहा दिवसांचाही. दीड दिवसवाल्यांची भक्ती कमी पडली असे कोणी म्हणत नाही. पितृपक्षात तिथीला जमले नाही तर सर्वपित्री अमावास्या आहे. भाऊ परगावी असेल तर भाऊबीजेला चंद्राला ओवाळतात. औषध घेतल्याने व्रत मोडत नाही, हे धर्मशास्त्राने केव्हाच सांगून ठेवले आहे. ज्या परंपरेने इतक्या सवलती ठेवल्या, ती ब्याऐंशी वर्षांच्या माणसाला पहाटेच्या अंधारात, तेल-उटण्याने निसरड्या झालेल्या फरशीवर उभे करील असे मला वाटत नाही. ते आपण करतो. हाताला तेल लावून, सकाळी नऊला खुर्चीवर बसवून घातलेले कोमट पाणीही अभ्यंगस्नानच आहे. खुब्याचे हाड मोडले तर मात्र पुढच्या कित्येक दिवाळ्या पलंगावर जातात.

विस्मरणाच्या आजारात हे सगळे आणखी अवघड होते. भारतात साठीच्या पुढच्या सुमारे ७.४ टक्के लोकांना डिमेन्शिया असावा, असा अंदाज २०२३ च्या सुमारास एका मोठ्या राष्ट्रीय पाहणीतून निघाला. या माणसांना घर पाठ असते. डोक्याने नव्हे, पायांनी. सजावटीसाठी दिवाण हलवला, बाथरूमच्या वाटेवर मखराचे टेबल आले, की रात्री त्यांना वाट सापडत नाही. पुष्कळांचा गोंधळ दिवस कलताना वाढतो, आणि आपल्याकडे लक्ष्मीपूजन, फटाके, पाहुणे सगळे नेमके तेव्हाच. फटाक्यांना रात्री आठ ते दहा ही वेळ सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये घालून दिली. ती आपल्या गल्लीत किती पाळली गेली ते वाचकांनी स्वतःच आठवावे. त्यातच प्रत्येक पाहुणा वाकून नमस्कार करतो आणि विचारतो, ‘सांगा बरं, मी कोण?’ प्रेमानेच विचारतो, मान्य. पण ही सगळ्यांसमोर घेतलेली तोंडी परीक्षा आहे, आणि समोरचा नापास होणार हे बहुतेकांना ठाऊक असते. ‘काकू, मी वसंताचा धाकटा, पुण्याहून आलोय’ असे सांगायला काय हरकत आहे?

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. अनेकदा म्हातारी माणसेच हट्ट धरतात. एकवीस मोदक हवेत, अनारसे घरचेच हवेत, रांगोळी ठिपक्यांचीच. त्यांची हौस आपण डॉक्टरी कारणे सांगून का मोडावी? मोडू नयेच. पण हट्ट नीट ऐकला तर तो बहुधा सगळ्याचा नसतो, एखाद्याच गोष्टीचा असतो. कोणाला फक्त पहिला दिवा स्वतःच्या हाताने लावायचा असतो, कोणाला चिवड्याचे मीठ चाखून पाहायचे असते. आपण उलट करतो. ‘तुम्ही बसा हो निवांत’ म्हणून त्यांच्या हातातले काम काढून घेतो, नवे लुगडे नेसवून मधल्या कोचावर बसवतो आणि बाकीचा पसारा जसाच्या तसा ठेवतो. मान मिळतो, पण कोणी काही विचारत नाही. यंदा काय करायचे आणि काय गाळायचे हे त्यांनाच आठवडाभर आधी विचारले, तर निम्मी यादी त्या स्वतःच कमी करतील. आयुष्यभर चुलीपुढे बसलेल्या बाईला अनारशाचा खरा खर्च आपल्यापेक्षा चांगला कळतो.

‘मग मुलांना सण कळणार कसा?’ असेही विचारले जाते. आजोबांना ऐकू यावे म्हणून झांजा आतल्या खोलीत ठेवून आरती सावकाश म्हटली, यातही मुलांना सण कळतोच.

राहिला सांभाळणाऱ्याचा प्रश्न, आणि माझ्या मते तो सगळ्यांत दुर्लक्षित आहे. आजारी माणसाला सांभाळायला ठेवलेली ब्युरोची मावशी दिवाळीला आपल्या गावी जाते. तिलाही घर आहे, तिने जावेच. तिची पाळी मग सुनेवर किंवा सोबत राहणाऱ्या मुलीवर येते, ती चकल्या तळत असतानाच. एका हाताने झारा, दुसऱ्या हाताने डायपर. त्यात मुंबई, बंगळुरू, दुबईहून आलेले भाऊ-बहीण दोन दिवस राहतात, फराळाची तारीफ करतात, ‘बाबा किती खराब झालेत गं’ असे म्हणतात आणि जातात. त्यांना सुट्टी मिळाली, हिला नाही. काही जण सांगतील, ‘आम्हाला औषधे माहीत नाहीत, बाबांना आमची सवय नाही.’ औषधे एका कागदावर मावतात, आणि सवय एका रात्रीत नाही तरी दोन रात्रींत लागते.

तेव्हा यंदा भाऊबीजेला घरी जाणार असाल तर साडी, मिठाईचा पुडा, पाकीट हे सगळे न्या, पण निघण्यापूर्वी एक फोन करा. दोन रात्री आईच्या किंवा बाबांच्या खोलीत तुम्ही झोपणार आहात, असे सांगा. औषधांचा तो कागद आधी मागवून घ्या. आणि घाटात अडकलात, तर सरळ म्हणा, ‘आमच्यासाठी थांबू नका, त्यांना वाढा.’