ग्रेड एक्झामचा मेकओव्हर

तुमच्या घरात आठवी-नववीतला एखादा भाचा किंवा पुतणी असेलच. ‘मला ग्राफिक डिझायनिंग शिकायचंय’ असं त्यानं जाहीर केलं, की दोन प्रश्न पडतात. लॅपटॉप कुठला घ्यायचा? आणि क्लासची फी किती? अँटॉप हिलच्या दोन खोल्यांत फीचा प्रश्न आधी येतो आणि विषय तिथेच संपतो.

थांबा बॉस! अर्धा कोर्स शाळेतच आहे. एलिमेंटरी-इंटरमीजिएट आठवतात? कला संचालनालयाच्या त्याच त्या ग्रेड एक्झाम्स. वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, भूमिती आणि अक्षरलेखन. दहावीला जादा मार्क मिळाले, की पोस्टर कलरचा डबा माळ्यावर. पण जरा नावं बदलून बघा. संकल्पचित्र म्हणजे लेआउट. अक्षरलेखन म्हणजे टायपोग्राफी. वस्तुचित्रातल्या तांब्याची सावली म्हणजे फोटोग्राफीतलं लायटिंग!

फक्त कागदाची आणि स्क्रीनची गाठ कुणी घालून देत नाही. ती तुम्ही घाला. एक रविवार पुरे.

फोटो : खिडकीत तांब्या आणि दोन लिंबं ठेवा. मोबाइलचा फ्लॅश बंद. सकाळी एक फोटो, भर दुपारी एक. सावली कुठे सरकली आणि किती गडद झाली, ते त्यालाच सांगू दे.

ग्राफिक : सोसायटीच्या पूजेचं पोस्टर. इंकस्केप हे सॉफ्टवेअर फुकट आहे. मुंबईच्याच ‘एक टाइप’नं केलेला ‘मुक्त’ हा देवनागरी फॉन्टही फुकट. मराठीत दोन अक्षरांतलं अंतर ताणलं, की शिरोरेषा तुटते. ओळी फार जवळ आणल्या, की वरचे उकार खालच्या वेलांट्यांवर आपटतात. इंग्रजी ट्युटोरियलमध्ये हे सहसा कुणी सांगत नाही.

वेब : नोटपॅडमध्ये एचटीएमएलच्या चार ओळी लिहायच्या, फाइल सेव्ह करायची, ब्राउझरमध्ये उघडायची. इंटरनेटसुद्धा लागत नाही.

‘पण यात करिअर आहे का?’ हा काकांचा लाडका प्रश्न. काकांच्या कम्प्युटरवर मराठी दिसतं, त्यातला विंडोजचा ‘मंगल’ फॉन्ट र. कृ. जोशींचा. ते जे.जे.तच शिकले होते. तिथे कमर्शियल आर्टचा विभाग 1935 मध्ये सुरू झाला आणि 1961 मध्ये त्याची वेगळी उपयोजित कला संस्था झाली. बारावीनंतर सीईटी, मग चार वर्षांची बीएफए. अँटॉप हिलच्या पोरांना तर जीटीबी नगरहून हार्बरची गाडी पकडली, की सीएसएमटी. तिथून जे.जे. चालत.

गंमत म्हणजे, सगळ्या गल्लीला या पोराची कला ठाऊक असते. गणपतीचा बॅनर, वाढदिवसाचं कार्ड, क्लासची जाहिरात, सगळं त्याच्याकडे. ‘तुला येतंच ना, पाच मिनिटांचं तर काम!’ आणि मोबदला? एक वडापाव. घरच्यांना मग हा टाइमपास वाटला, तर नवल काय? दहावी जवळ आली, की तो आधी बंद होतो.

तेव्हा पुढच्या वेळी बॅनर करून घ्याल, तेव्हा आधी विचारा, ‘किती घेशील?’ तो लाजेल, ‘काही नको’ म्हणेल. तरी पाकीट द्या, आणि आईबाबांसमोर द्या. अँटॉप हिलच्या त्या घरात डिझाइन हा ‘विषय’ आहे, हे त्या पाकिटाइतकं चटकन दुसरं काहीच पटवणार नाही.