राक्षसभुवनचा शनी आणि प्लुटोचे गेलेले पद

बीड - गेवराई तालुक्यात गोदावरीच्या तीरावरील राक्षसभुवन येथे शनी अमावास्येला भाविकांची रीघ लागते. १७६३ मधील मराठे आणि निजाम यांच्यातील लढाईने हे गाव इतिहासात गेले. पण जिल्ह्याला त्याची ओळख आहे ती शनीमुळेच. येथे ज्याला ग्रह म्हणून तेल वाहिले जाते, तो खगोलशास्त्राच्या लेखीही ग्रहच आहे. पंचांगातील नवग्रहांपैकी सर्वांना मात्र हा मान नाही. रवी हा तारा, चंद्र हा उपग्रह, तर राहू-केतू म्हणजे चंद्राची कक्षा क्रांतिवृत्ताला जेथे छेदते ते दोन बिंदू. उरतात पाच. ज्या पृथ्वीवरून हे सारे पाहिले, ती या यादीत नाहीच.

तरीही पंचांगाचे गणित पोकळ नव्हे. शनीला सूर्याभोवती फिरण्यास सुमारे साडेएकोणतीस वर्षे लागतात. म्हणजे एका राशीत अंदाजे अडीच वर्षे. अशा तीन राशी मिळून साडेसाती होते. कालावधी आकाशातला आहे, फलिताची भीती माणसाची.

'ग्रह' या शब्दाची अधिकृत व्याख्या आधुनिक विज्ञानाकडेही २००६ पर्यंत नव्हती. १८०१ मध्ये सापडलेला सेरेस काही दशके ग्रह म्हणून मिरवला आणि पुढे लघुग्रहांत गेला. १९३० मध्ये क्लाईड टॉमबॉ यांना सापडलेल्या प्लुटोवर तीच वेळ आली, ती एरिसमुळे. २००५ मध्ये जाहीर झालेला एरिस वस्तुमानाने प्लुटोपेक्षा सुमारे २७ टक्के अधिक भरतो. त्याला दहावा ग्रह म्हणायचे की प्लुटोला उतरवायचे, एवढाच प्रश्न उरला.

आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघाच्या प्राग अधिवेशनात आधी बारा ग्रहांचा मसुदा आला होता. तो मागे पडला आणि २४ ऑगस्ट २००६ रोजी तीन अटी संमत झाल्या: सूर्याभोवती भ्रमण, स्वतःच्या गुरुत्वाने आलेला गोलाकार आणि कक्षेचा परिसर मोकळा केलेला असणे. तिसऱ्या अटीत प्लुटो नापास झाला. त्याची कक्षा कायपर पट्ट्यातील असंख्य पिंडांच्या गर्दीतून जाते. त्याची गणना बटुग्रहांत झाली. आज सेरेस, प्लुटो, हौमिया, माकेमाके आणि एरिस हे पाच मान्य बटुग्रह आहेत.

निर्णय ४२४ सदस्यांच्या मतदानात झाला, हे टीकाकार विसरत नाहीत. तथापि खरा आक्षेप वेगळा आहे. पिंड सूर्यापासून जितका दूर, तितके त्याला परिसर मोकळा करणे कठीण. मग ग्रहत्व पिंडाच्या अंगी आहे की त्याच्या पत्त्यावर? 'न्यू होरायझन्स' यानाने १४ जुलै २०१५ रोजी प्लुटोवरील नायट्रोजनाच्या हिमनद्या दाखवल्यावर अॅलन स्टर्न यांच्यासारख्यांच्या या युक्तिवादाला बळ आले. शिवाय व्याख्येत 'सूर्य' हा शब्द असल्याने इतर ताऱ्यांभोवतीचे सहा हजारांहून अधिक ज्ञात ग्रह तिच्या बाहेरच राहतात. ही उणीव प्लुटोच्या दुःखापेक्षा गंभीर मानावी लागेल.

ती भरून काढण्यासाठी २०२४ मध्ये केपटाऊनच्या महासभेत जाँ-ल्यूक मार्गो व सहकाऱ्यांनी वस्तुमानाची मोजता येणारी मर्यादा सुचवली. त्यांच्या मते ग्रह ठरण्यासाठी किमान १०चा २३वा घात इतके किलोग्रॅम वस्तुमान हवे. बुध या कसोटीला सहज उतरतो. प्लुटोचे वस्तुमान तिच्या सुमारे आठव्या हिश्शाइतकेच आहे. प्रस्तावावर मतदान झालेले नाही. पुढील महासभा २०२७ मध्ये रोम येथे नियोजित आहे.