गच्चीचं पाणी कुठं पडतं?

परवा नांदेडहून पुतण्याचा फोन आला. "काका, आमच्या घराभोवतीचा कोबा खचलाय. तुमचं काम केलेल्या त्या मिस्त्रीचा नंबर द्या, आणि फुटाला काय भाव पडला तेवढं सांगा."

नंबर देईनच. पण भावाचं उत्तर काही एका वाक्यात देता येईना. कारण आमच्याकडेही सुरुवात याच प्रश्नाने झाली होती, आणि तो प्रश्नच आधी विचारायचा नसतो असं माझं आता पक्कं मत झालं आहे. म्हणून जरा सविस्तर लिहितो. पुतण्याबरोबर बाकीच्यांनीही वाचावं, काळ्या मातीत घर असलेले आपल्यात पुष्कळ आहेत.

आमचं परभणीचं घर १९९४ सालचं. घराच्या दोन बाजूंनी मिळून चारएकशे फूट कोबा. गेली काही वर्षं तो न्हाणीघराच्या बाजूने हळूहळू खाली बसत होता. आधी बोटभर, मग दोन बोटं, शेवटी चांगला तीन इंच. पाऊस पडला की पाणी फाटकाकडे जायच्या ऐवजी उलटं भिंतीकडे यायचं आणि जोत्याला लागून तळं साचायचं. रोज डोळ्यासमोर असलेली गोष्ट माणसाला दिसेनाशी होते. मी त्यावर एक फळी टाकली आणि विषय संपवला!

ऑगस्ट २०२४ मध्ये एका संध्याकाळी त्याच ठिकाणी कोब्याच्या उचललेल्या कडेला हिचा पाय अडकला. मनगट मोडलं. सहा आठवडे प्लास्टर. या वयात पडणं म्हणजे काय हे समवयस्कांना सांगायला नको. खुबा वाचला हे नशीब. ती एका शब्दाने मला बोलली नाही, पण डाव्या हाताने फुलपात्र उचलताना दिसली की ती फळी आठवायची.

मग गुत्तेदार शोधायला लागलो. पहिले आले ते मोटारसायकलवरून उतरलेच नाहीत. फाटकातून नजर टाकली, मोबाइलवर गुणाकार केला, आणि "बेचाळीस हजार, वर तीन इंच काँक्रीट टाकून टाइल्स बसवून देतो, चार दिवसांत मोकळे" असं सांगितलं. दुसरे उतरले, चहा घेतला, आणि तेच काम अडतीसमध्ये करतो म्हणाले. मी खूश. चार हजार वाचले!

तिसरे एक म्हातारे मिस्त्री. सगळे त्यांना चाचा म्हणतात. त्यांनी भावाचं नावच काढलं नाही. हातातली पहार कोब्यावर जागोजागी आपटत, कान लावून ऐकत घराला फेरी मारली. दोन ठिकाणी बद्द आवाज आला, तिथे विटेच्या तुकड्याने फुल्या मारल्या. मग वर बघून विचारलं, "गुरुजी, गच्चीचं पाणी कुठं पडतं?"

मला सांगता येईना. तीस वर्षं त्या घरात राहतो आहे! बघितलं तर गच्चीचा पाइप भिंतीतून खाली येऊन कोब्याखाली गेलेला, आणि त्याचा सांधा जमिनीखाली केव्हाच निखळलेला. अख्ख्या गच्चीचं पाणी इतके पावसाळे नेमकं त्या कोपऱ्यात जिरत होतं.

आपली काळी माती पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात वाळून आकसते. मे महिन्यात शेतातल्या भेगांत हात जातो तो त्यामुळेच. घराच्या भिंती खोल, टणक थरावर उभ्या असतात. कोबा मात्र पाया खोदल्यावर बाजूला भरलेल्या मातीवर असतो. तो भराव सैल असेल आणि वर पाणी मुरत असेल, तर भिंत जागेवर राहते आणि कोबा खाली बसतो. अशा जागी वरून आणखी तीन इंच काँक्रीट टाकायचं म्हणजे दर चौरस मीटरला सुमारे १८० किलो वजन वाढवायचं. खाली पोकळी तशीच, पाणी तसंच. वर टाइल्स छान दिसल्या असत्या, दोन-तीन पावसाळे.

आता खरं सांगायची वेळ आली. कोबा फोडला तेव्हा खाली हात जाईल एवढी पोकळी निघाली, आणि त्याखाली निव्वळ काळी माती, विटांचे तुकडे, सिमेंटच्या कुजलेल्या पिशव्या. शेजारी बघायला आले होते, ते म्हणाले, "गुत्तेदाराने फसवलं हो तुम्हाला." मी गप्प बसलो. कारण १९९४ मध्ये तो गुत्तेदार मुरूम आणा, धुम्मस करून भराव घालतो म्हणत होता. पतसंस्थेचं कर्ज संपत आलेलं. मीच म्हणालो होतो, खोदलेली माती इथंच पडली आहे, तीच लोटून द्या. त्या बिचाऱ्याचा यात दोष नव्हता. मी मागितलं ते त्याने दिलं.

म्हणून माझं मत असं, की गुत्तेदार लबाड असतात ही ओरड अर्धीच खरी आहे. आपण विचारतो दोनच गोष्टी, किती घेणार आणि किती दिवसांत करणार. मग ज्याला त्या दोनच प्रश्नांची उत्तरं नीट येतात, तोच आपल्याला मिळतो! गणितात नुसतं उत्तर लिहिलं तर मी मुलांचे गुण कापत असे, रीत दाखव म्हणून. घराच्या बाबतीत मात्र रीत विचारायला विसरलो.

चाचांची रीत अशी. काम दिवाळीनंतर, कारण उन्हाळ्यात माती आकसलेली असते आणि पाणी मारायला पाणीही नसतं. जुना कोबा काढला. काळी माती दीड फूट उपसली. सहा ब्रास मुरूम आला, तो एकदम न लोटता सहा-सहा इंचांचे थर करून, पाणी मारून, धुम्मस करत भरला. गच्चीचा पाइप थेट बाहेरच्या नालीपर्यंत नेला. नळीच्या लेव्हलने ढाळ काढला, दर चार फुटांना एक इंच, भिंतीपासून दूर. मग चार इंच काँक्रीट, आणि दहा दिवस पाणी. एकूण अठ्ठ्याहत्तर हजार. म्हणजे पुतण्या, तुझ्या प्रश्नाचं उत्तर फुटाला १९५ रुपये, पण त्यात निम्म्याहून जास्त पैसा जमिनीखाली गेला आहे, तो पाहुण्यांना दिसत नाही.

ओहायोतून मुलगी सांगत होती, तिकडे कोबा फोडतही नाहीत. त्याला भोकं पाडून खालून सिमेंट-मातीचा पातळ गारा किंवा फुगणारा फोम भरतात आणि अख्खी लादी वर उचलतात. आमच्या गावात ते करणारं कोणी मला भेटलं नाही. पण तिच्याही गुत्तेदाराने आधी छपराचं पाणी कुठे जातं ते बघितलं म्हणे. तेवढ्यावरून तो बरा माणूस असावा असं मी ठरवून टाकलं.

पैशांचंही सांगतो. सगळे पैसे आधी देऊ नयेत, आणि मजुरांचे अडवून ठेवू नयेत. बाजाराच्या दिवशी त्यांची मजुरी चुकवली. चाचांचे आठ हजार मात्र पहिला मोठा पाऊस होईपर्यंत ठेवले, आणि हे कामाआधीच कागदावर लिहिलं होतं. ते हसले, "ठेवा गुरुजी, पाऊस आपला मास्तर." जून २०२५ मध्ये त्यांना बोलावून दिले. सप्टेंबर २०२५ च्या अतिवृष्टीत मराठवाड्याची काय दशा झाली ते सगळ्यांनी पाहिलं. लोकांची शेतं वाहून गेली, त्यापुढे आमचा कोबा म्हणजे काहीच नाही. पण तेव्हाही जोत्याला पाणी थांबलं नाही, एवढं नोंदवतो.

फाटकाजवळ एक केसाएवढी भेग पडली आहे. चाचांना दाखवली तर म्हणाले, "काळी आहे, ती हलणारच. रुंद झाली तर सांगा." कधीच काही होणार नाही असं म्हणणाऱ्यापेक्षा मला हे उत्तर आवडलं.

हिचं मनगट अजून थंडीत दुखतं. असो.

तर पुतण्या, नंबर संध्याकाळी पाठवतो. तोवर छत्री घेऊन पावसात एकदा घराभोवती फिरून ये. गच्चीचं पाणी कुठं पडतं ते चाचा पहिल्यांदा विचारतील, माझ्यासारखी फजिती नको व्हायला.