दारूकाम आणि दारचा कुत्रा

सांगली जिल्ह्यातील कवठे एकंदचे दसऱ्याचे दारूकाम प्रसिद्ध आहे. त्या रात्री साखळीला बांधलेला कुत्रा काय करत असेल? आपल्याला सेकंदाला सुमारे 20,000 कंपनांपर्यंतचा आवाज ऐकू येतो; त्याला सुमारे 45,000 पर्यंतचा. शिवाय हा धडाका कशाचा, केव्हा थांबणार, हे त्याला कोण सांगणार? सातारा असो वा सांगली, दिवाळीत त्याला अंगणात बांधून ठेवणे मला तरी क्रूरपणाचे वाटते. हिसके देऊन तो गळा सोलवटून घेतो. उजेडीच फिरवून आणा, आतल्या खोलीत घ्या, खिडक्या लावा. पलंगाखाली शिरला तर ओढू नका. जवळ आला तर खुशाल थोपटा. लाडाने भीती वाढते, हा समज खोटा आहे.